४३ अर्धवट फायली आणि कपाटावर गेलेला टॅब्लेट

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. वय २४, नाशिकला नोकरी. शाळेत चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड, त्यानंतर आठ वर्षं पेन्सिलला हात नाही. आठ महिन्यांपूर्वी कॉम्प्युटरला जोडायचा पेन टॅब्लेट घेतला. पहिले दोन महिने रोज रात्री बसलात, मग आठवड्यातून दोनदा, आणि आता तीन आठवडे तो कपाटावर पडून आहे. क्रीटा या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये ४३ फायली आहेत, पूर्ण एकही नाही. दुसऱ्याचं ट्युटोरियल बघताना हात शिवशिवतात, स्वतः बसलं की काही सुचत नाही. मग उत्साह टिकवायचा कसा, प्रेरणा कुठून आणायची, आयपॅड घेतला तर फरक पडेल का, आणि एआय मिनिटभरात चित्र देत असताना हे सगळं करायचं तरी कशाला?

मी वीस-बावीस वर्षं मुलांच्या पुस्तकांसाठी आणि मासिकांसाठी चित्रं काढते. त्यातली शेवटची पंधरा वर्षं बहुतेक काम डिजिटल. शनिवार-रविवारी घरी सात-आठ जणांना शिकवते. तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात बोलका वाटला तो ४३ हा आकडा. ज्याला सुचतच नाही त्याच्या नावावर ४३ सुरुवाती कशा जमतील? तुम्हाला सुचतंय, सुरूही करता येतंय. तुमचं चित्र संपत नाही, अडचण तिथे आहे. आणि काहीच संपत नसेल तर माणूस किती दिवस रोज रात्री उठून बसेल?

आधी एक गोष्ट बाजूला काढते. चित्रच नव्हे, काहीच करावंसं वाटत नसेल, झोप उडाली असेल, आवडीचं जेवणही नकोसं होत असेल, तर तो चित्रकलेचा प्रश्न नाही. डॉक्टरांशी बोला, टॅब्लेट थांबेल. शिवाय नोकरी किती तासांची, घरी टेबल आहे की मांडीवर घेऊन बसता, मनगट दुखतं का, यावरही बरंच काही ठरतं. रात्री साडेदहाला दमून बसणाऱ्या माणसाला सकाळच्या ताज्या माणसाचं वेळापत्रक देण्यात अर्थ नसतो. मी नोकरी करणाऱ्यांना आठवड्यात तीनच बैठका सांगते. रोजचा नेम मोडला की आपण गुन्हेगार असल्यासारखं वाटतं आणि त्या अपराधीपणापोटीच माणूस टॅब्लेटकडे बघायचं टाळतो.

आता तुमच्या हाताबद्दल. कागदावर चांगलं काढणाऱ्या माणसाला बिनस्क्रीनचा टॅब्लेट फार अपमानास्पद वाटतो. कागदावर नजर पेन्सिलीच्या टोकावर असते. इथे हात टेबलावर, नजर समोर, आणि रेघ तिसरीकडेच उमटते. मेंदूला हे जुळवून घ्यायला माझ्या विद्यार्थ्यांना साधारण दोन-तीन महिने लागतात. ए ग्रेडवाल्यांना जास्त त्रास होतो, कारण आपल्याला येतं हे त्यांना माहीत असतं. नवशिक्याचा गोल वाकडा आला तर तो हसतो, ए ग्रेडवाल्याचा आला तर तो रात्रभर तळमळतो.

त्यातही काही दोष तुमच्या हाताचा नसेलच. छोट्या टॅब्लेटची काम करायची जागा बहुधा १५ सेंटिमीटर रुंद आणि साडेनऊ उंच असते, म्हणजे १६:१० च्या प्रमाणात. मॉनिटर बहुधा असतो १६:९. सगळा टॅब्लेट सगळ्या स्क्रीनवर पसरवला की तुम्ही हाताने काढलेला अचूक गोल स्क्रीनवर सुमारे ११ टक्के आडवा फुगतो. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण इथे अंगण खरोखरच वाकडं असतं! टॅब्लेटच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे तो चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, प्रमाण कायम ठेवण्याचा पर्याय असतो. तो निवडला की टॅब्लेटची थोडी जागा वाया जाते, पण गोल गोल येतो. माझ्याकडे एक मुलगा वर्षभर चेहरे फुगीर काढत होता आणि शरीररचनेची पुस्तकं विकत घेत होता. ही एक खूण केली आणि पुस्तकं शेल्फवर गेली.

दुसरं म्हणजे २४ इंची मॉनिटर असेल तर तो ५३ सेंटिमीटर रुंद असतो. हात एक सेंटिमीटर हलला की रेघ साडेतीन सेंटिमीटर पळते. हाताची बारीक थरथरही तितकीच मोठी होऊन समोर दिसते. म्हणून ड्रॉइंगची खिडकी छोटी ठेवा किंवा टॅब्लेट स्क्रीनच्या काही भागालाच जोडा. टॅब्लेट मॉनिटरच्या समोर सरळ ठेवा. तिरका ठेवलात तर सगळ्या उभ्या रेघा एकाच बाजूला कलतील. विंडोजमध्ये पेन क्षणभर टेकवून धरलं की एक गोल चकती येते आणि रेघ उशिरा सुरू होते, ती सोयही बंद करा. आणि पेनाला जोर लावावा लागत असेल तर दाबाचा आलेख (किती दाबलं की रेघ किती ठळक येते ते ठरवणारी सेटिंग) मऊ करून घ्या. हे सगळं एका संध्याकाळचं काम आहे.

सरावाला मी रेघोट्या किंवा गोल देत नाही. बसल्यावर पहिली पाच मिनिटं मराठीत लिहायला लावते: घरचा पत्ता, वाणसामानाची यादी, काहीही. देवनागरी अक्षर तुमच्या हातात लहानपणापासून मुरलेलं आहे. शिरोरेखा ही लांब आडवी रेघ, काना ही उभी, आणि ळ, इ, क्ष यांत सगळी वळणं आली. अक्षर स्वतःचं दिसायला लागलं की समजायचं, टॅब्लेट हाताला सरावला. माझ्या विद्यार्थ्यांना हा सराव वाटतच नाही, म्हणून तो टिकतो. (एकीच्या यादीत तीन महिने रोज फक्त 'पनीर' होतं. तिचा 'प' आता देखणा आहे.)

आता मुख्य गोष्टीकडे येते.

शाळेत ग्रेड परीक्षेला बसलात तेव्हा चित्र कधी संपायचं? वेळ संपली की बाई कागद ओढून घ्यायच्या तेव्हा. पोस्टर कलरमध्ये चार थर चढले की कागद कुरकुरायला लागायचा, पुढे जाता यायचं नाही. वस्तुचित्राची मांडणी दुसऱ्या दिवशी जागेवर नसायची. कागदावरच्या चित्राला शेवट बाहेरून यायचा. डिजिटलमध्ये तो काढून टाकलाय. कागद फाटत नाही, रंग वाळत नाही, मागे जायला (म्हणजे अन्डू करायला) क्रीटा मुळातच दोनशे पावलं देतं, ब्रश शेकडो, लेअर म्हणजे चित्राचे एकावर एक थर हवे तितके. डोळ्याची पापणी पसंत नाही म्हणून तुम्ही ८०० टक्के झूम करून तिथे तासभर बसू शकता आणि उद्या तो चेहराच बदलू शकता. हे स्वातंत्र्य अनुभवी माणसाला वरदान आहे. शिकणाऱ्याचे त्यात सहा महिने कसे जातात ते त्याला कळतही नाही. वर आणखी, कागदावर सराव केला की वाईट कागदांचा ढीग साठतो आणि तो ढीग सांगतो की आपण काम केलं. अन्डू केलेल्या रेघा मात्र कुठेच साठत नाहीत. तीन तास बसून उठलात तरी हाती दिसतो तो एक अर्धा डोळा.

हे मला एका दिवाळी अंकाने शिकवलं. मराठीत १९०९ सालच्या 'मनोरंजन'पासून दिवाळी अंकांची परंपरा आहे, आणि मुखपृष्ठ काढणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या त्या एका तारखेवर वाढल्या. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर यांची मुखपृष्ठं लोक अजून जपून ठेवतात. ती एरवी कितीही निगुतीने काढलेली असोत, दिवाळी काही त्यांच्यासाठी थांबणार नव्हती. माझं पहिलं डिजिटल मुखपृष्ठ एका छोट्या अंकासाठी होतं. सहा आठवडे मी ते घोळवत बसले. रोज रंग बदलायचा, रोज पार्श्वभूमी. शेवटी पाठवलं तर छपाईवाल्यांचा फोन: "मॅडम, हा नमुना दिसतोय. मोठी फाइल कधी देताय?" मोठी फाइल नव्हतीच! ए४ पानाला ३०० पीपीआयने (म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल) २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात. मी ७२ वर सुरू केलं होतं, म्हणजे ५९५ बाय ८४२. छापलं असतं तर नायिकेच्या नाकाच्या जागी जिना दिसला असता. दसरा दोन दिवसांवर. दोन रात्रींत सगळं नव्याने काढलं. ते काही ग्रेट झालं नाही. स्क्रीनवरचा पोपटी छपाईत शेवाळी झाला, कारण शाईच्या चार रंगांत तो झगझगीत पोपटी बसतच नाही, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. पण अंक हातात आला, आईने तो शेजारी नेऊन दाखवला आणि त्याच आठवड्यात मी पुढच्या चित्राला बसले. सहा आठवडे घोळवलेली पहिली फाइल मात्र मला पुन्हा कधी उघडावीशी वाटली नाही.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्याला मी शेवट आधी आखून देते. कॅनव्हास १२०० बाय १८०० पिक्सेलचा, म्हणजे ३०० पीपीआयने बरोबर चार बाय सहा इंची फोटोचा. ब्रश एक, फार तर दोन. लेअर तीन: रेखाटन, रंग, आणि वरचं काम. झूम शंभर टक्क्यांपलीकडे नाही. क्रीटाच्या सेटिंगमध्ये अन्डू किती पावलं मागे जावं ते ठरवता येतं, ते पाचवर आणा. पाच म्हणजे चुकून लागलेला धक्का पुसता येईल, पण निर्णय पुसता येणार नाही. चाळीस-चाळीस मिनिटांच्या तीन बैठका, आणि तिसरी संपली की चित्र जसं असेल तसं एक्स्पोर्ट करून कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओत छापून आणायचं. चार बाय सहाच्या प्रिंटला चहा-बिस्किटापेक्षा फार जास्त पडत नाही. मागे तारीख लिहायची आणि भिंतीवर लावायची. व्यावसायिक कामाला हा आकार अपुरा आहे, पण आपल्याला सध्या काम विकायचं नाहीये.

हे ऐकून पहिल्यांदा सगळेच नाक मुरडतात. छापायचं कशाला, पोस्ट केलं की झालं ना? माझा अनुभव वेगळा आहे. पोस्ट केलेल्या चित्राबरोबर आकडा येतो. तो आकडा कमी असला की चित्र वाईट ठरतं आणि बरा असला की पुढचं चित्र त्या आकड्यासाठी काढलं जातं. भिंतीवरच्या प्रिंटला आकडा नसतो. ती आठ झाली की पहिलं आणि आठवं एकाच नजरेत दिसतं. प्रगती मोजायची मला माहीत असलेली ही एकमेव खात्रीची पद्धत. शिवाय घरी आलेला मामा "हे काय गं, घोडा का?" असं विचारतो, आणि तो कुत्रा असेल तर तेही शिक्षणच.

दुसऱ्या बैठकीच्या मध्यावर एक खड्डा येतो, त्याची आधीच कल्पना देते. रेखाटन छान वाटत होतं, रंग भरले आणि चित्र मेल्यासारखं दिसायला लागलं. तुमच्या ४३ पैकी निम्म्याहून अधिक फायली याच जागी थांबल्या असतील, पैज लावते. इथे बहुतेकांना आपला उत्साह संपल्यासारखा वाटतो. खरी गोम असते उजेड-अंधाराच्या पातळ्यांत. रंग वेगवेगळे निवडलेत, पण सगळे सारख्याच उजळपणाचे. सगळ्यात वर एक लेअर घ्या, त्यात काळा रंग ओता आणि त्याचा ब्लेंडिंग मोड (खालच्या लेअरमध्ये मिसळायची पद्धत) 'कलर' करा. खालचं चित्र कृष्णधवल दिसेल. चेहरा आणि मागची भिंत एकाच करड्यात विरघळत असतील तर भिंत दोन पायऱ्या गडद करा, लेअर बंद करा आणि बघा. नवशिके इथे मऊ एअरब्रश फिरवत सुटतात, मग सगळं प्लॅस्टिकसारखं गुळगुळीत होतं. मुळगावकरांचं स्प्रेचं काम दिसतं मऊ, पण त्याखालचं ड्रॉइंग पक्कं असतं. आपण मऊपणा तेवढा उचलतो.

आता सुचत नाही त्याबद्दल. स्वतः बसलं की डोकं रिकामं होतं, कारण बसण्याआधी तुम्ही तासभर दुसऱ्यांची तयार चित्रं बघितलेली असतात. ती कोणाच्या तरी दहा वर्षांची मलई असते. तिच्यापुढे तुमचा विषय उगीचच फिका पडतो. इंटरमिजिएटला स्मरणचित्र नावाचा पेपर होता, आठवतोय? भाजी मंडई, बसस्टॉप, गणपती विसर्जन. आपण सगळ्यांनी त्यात ठरावीक फुगेवाला टाकला, कारण फुगे काढायला सोपे असतात आणि रिकामी जागा भरते. मी तर सगळ्यांचे हात पिशवीमागे लपवायचे. पण त्या पेपरामागची कल्पना अस्सल होती, आणि डिजिटल शिकणाऱ्याला मी तीच पुन्हा देते. कामावर जाताना एक माणूस किंवा एक कोपरा दोन मिनिटं नीट बघा. फोटो काढू नका. मनात तीन गोष्टी म्हणा: उजेड कुठून येतोय, सगळ्यात गडद काय आहे, अंग कुठे वाकलंय. रात्री आठवून काढा. जिथे अडेल तिथे दुसऱ्या दिवशी जाऊन बघा, हवं तर तेव्हा फोटो काढा. आता तुम्हाला नेमकं काय बघायचंय ते कळलेलं असेल. बसायच्या आधीच विषय खिशात असला की रिकाम्या कॅनव्हासची भीती निघून जाते.

विषय भव्य लागत नाही. चित्रकार आबालाल रहिमान मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून कोल्हापूरला परतले आणि कोटितीर्थाचा तलाव पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. तेच पाणी, तीच झाडं, उजेड वेगळा. तुम्ही तर नाशिकला आहात! गोदाघाटाच्या पायऱ्या, रामकुंडावरची गर्दी, पावसाळ्यात वाढलेलं पाणी, तांबट आळीतली भांडी. मी कोल्हापूरची असून हेवा करतेय यावरून काय ते समजा. एक जागा ठरवा आणि तिचीच दहा चार-बाय-सहा काढा. तिसऱ्या-चौथ्याला कंटाळा येतो, मला दर वेळी येतो. सहाव्याच्या सुमाराला मात्र नजरेला काहीतरी नवं सापडतं, पायरीच्या कडेवरचं शेवाळ किंवा ओल्या दगडात उमटलेलं आभाळ, आणि मग दहा पुरत नाहीत. जमलं तर एखाद्या रविवारी औंधला जा, सातारा जिल्ह्यातल्या. तिथल्या श्रीभवानी संग्रहालयात राजा रविवर्मा, धुरंधर या चित्रकारांची कामं प्रत्यक्ष बघायला मिळतात. कॅनव्हासच्या अगदी जवळ जाऊन कडा बघा. जिथे तुम्ही झूम करून केस न् केस काढत बसता, तिथे त्यांनी काय सोडून दिलंय ते बघायला जायचं.

ट्युटोरियल बंद करा असं मी म्हणणार नाही, मीही बघते. पण चित्र काढताना अडलं की बघायचं, अडलेल्या जागेपुरतं, आणि व्हिडिओ बंद करून लगेच करून बघायचं. जेवताना बघितलेलं ट्युटोरियल ही करमणूक समजावी. नक्कल करायलाही हरकत नाही, शिकण्यासाठी सगळेच करतात. फक्त ती स्वतःच्या नावावर टाकू नका.

एआयचं उत्तर तुम्ही चित्र कशासाठी काढताय त्यावर आहे. पोटासाठी यायचं असेल तर खरं सांगते, माझ्याकडची किरकोळ कामं कमी झाली आहेत: लेखासोबतचं एखादं चित्र, कार्यक्रमाचं पोस्टर. टिकून आहेत ती कामं जिथे एकच मुलगी चोवीस पानं तीच दिसायला हवी, आणि लेखक म्हणतो, "तिची वेणी आजीने घातल्यासारखी घट्ट करा." हे पुढे किती वर्षं टिकेल त्याचा अंदाज मी बांधत नाही. तुमच्यासारखं नोकरी सांभाळून काढायचं असेल तर हा प्रश्न मला फारसा लागू वाटत नाही. बाहेर तयार पुरणपोळी मिळते म्हणून घरी पुरण शिजायचं थांबलेलं नाही.

आणि आयपॅड. सध्या नको. स्क्रीनवर थेट काढता येतं हे सुख खरंच आहे, हात आणि नजर एकत्र येतात. पण मी स्वतः हप्त्यावर महागडा स्क्रीनवाला टॅब्लेट घेतला होता. नव्याची नवलाई तीन आठवडे टिकली, हप्ते दीड वर्ष. तुमची अडचण संपवण्याची आहे आणि ती नव्या यंत्रावरही तुमच्यासोबत येईल, तिथे ४४ वी फाइल उघडेल एवढंच. भिंतीवर वीस प्रिंट झाल्या की घ्या, तोवर तुम्हाला नेमकं काय कमी पडतंय तेही कळलेलं असेल.

या शनिवारी असं करा. ४३ फायलींमधल्या तीनच निवडा, ज्या बघून अजून थोडं हसू येतं अशा. बाकीच्या चाळीस 'अडगळ' नावाच्या फोल्डरमध्ये हलवा. पुसू नका, पण उघडूही नका. निवडलेल्या तिघींना प्रत्येकी चाळीस मिनिटं, घड्याळ लावून. रविवारी स्टुडिओत. आणि टॅब्लेटचं मॉडेल व मॉनिटर किती इंची ते इथेच लिहा, प्रमाणाचा पर्याय नेमका कुठे दडलाय ते सांगते. तोवर एक मोठा गोल काढून स्क्रीनवर पट्टी लावून मोजा, आडवा आणि उभा.